आठ कोरड्या महिन्यांचा नेचा

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या जंगलात झाडांचे बुंधे मुळापासून फांद्यांपर्यंत हिरवे होतात. शेवाळावर नेचे, नेच्यांच्या आडोशाला आमरी (ऑर्किड) आणि सगळ्यावरून निथळणारे पाणी. झाडावर वाढणाऱ्या नेच्यांची छायाचित्रे, वर्णने, सहलीतल्या नोंदी बहुतेक पावसाच्या चार महिन्यांतल्या असतात. त्यामुळे असा नेचा म्हणजे पावसाचे लेकरू, पाऊस जितका जास्त तितके नेचे जास्त, असे गणित मनात आपोआप बसते. हे गणित अपुरे आहे. सह्याद्रीत झाडाच्या फांदीवर कोणता नेचा टिकणार, याचा निकाल फेब्रुवारी ते मे या महिन्यांत लागतो. आणि हे एकदा ध्यानात घेतले, की आजवरच्या नोंदी, जंगलांची राखण आणि बदलता पाऊस या तिन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

हा प्रश्न पाचोडच्या बाजूने पाहिला तर अधिक स्वच्छ दिसतो. पैठण तालुक्यातले हे मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव घाटमाथ्यापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेला, पूर्णपणे पर्जन्यछायेत आहे. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आतबाहेर असते. म्हणजे दहापट अंतर. मोसंबीच्या फांदीवर नेचा नसतो याचे कारण या आकड्यांतच मिळाले असे वाटते. पण जानेवारीनंतरचे महिने घेतले तर दोन्हीकडचे आभाळ सारखेच कोरडे असते. मे महिन्यात आंबोलीच्या फांदीवरची साल पाचोडच्या फांदीवरच्या सालीइतकी तापत नसेल, पण तिथेही नेच्याला मुळाशी ओल नसते, कारण त्याची मुळे जमिनीत नसतातच. सात हजार मिलिमीटर पाणी दरीत उतरून कधीच समुद्राला मिळालेले असते. फांदीवरच्या रोपाला सात हजारही तेवढेच निरुपयोगी आणि सातशेही.

इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. झाडावर उगवलेल्या कोणत्याही परक्या रोपाला आपण सर्रास बांडगूळ म्हणतो. खरे बांडगूळ आपली शोषक मुळे यजमान झाडाच्या सालीतून थेट आतल्या लाकडापर्यंत घुसवते आणि त्याचे पाणी पिते. नेचा असे काही करत नाही. तो सालीला धरून राहतो, सालीवरून वाहणारे पाणी आणि फांदीच्या बेचक्यात साठलेला पालापाचोळा यांवर जगतो. वनस्पतिशास्त्रात अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत त्यांच्या ३१ हजारांहून जास्त जाती आहेत. जगातल्या वाहिनीयुक्त वनस्पतींचा हा जवळपास दहावा हिस्सा. त्यांत आमरींखालोखाल नेच्यांचा गट मोठा आहे. नेचे हा फार जुना गट, पण फांदीवर चढलेले नेचे त्यामानाने नवे. शुएटपेल्झ आणि प्रायर यांनी २००९ मध्ये जनुकीय पुराव्यावरून दाखवले, की आजच्या अपिवनस्पती नेच्यांचा मोठा विस्तार डायनासोरांच्या अंतानंतरच्या काळात, फुलझाडांची उंच अरण्ये पसरल्यावर झाला. दख्खनचा जो बेसॉल्ट पाचोडच्या काळ्या मातीखाली आहे, तो लाव्हा होऊन वाहिला तो काळ या विस्ताराच्या तोंडावरचाच. झाडावर राहणे म्हणजे उजेड मिळवणे आणि जमीन गमावणे, आणि जमीन गमावणे म्हणजे पाण्याची तिजोरी गमावणे. तेव्हापासून या नेच्यांचा सगळा इतिहास ही तिजोरी दुसऱ्या कशात तरी उभारण्याचा आहे.

ही तिजोरी सर्वांत उघडपणे दिसते ती आपल्या बाशिंग नावाच्या नेच्यात. काही भागांत त्याला वांदरबाशिंग म्हणतात, जुन्या वैद्यकीय नावांत अश्वकत्री सापडते. लिनिअसने १७५३ मध्ये या जातीला ओकच्या पानासारखे पान असलेली म्हणून क्वेर्सिफोलिया हे नाव दिले. पुढे ती ड्रायनारिया या प्रजातीत गेली, आणि काही वर्गीकरणकार अलीकडे तिला अ‍ॅग्लेओमॉर्फात धरतात. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती पसरलेली आहे. तिचे आडवे, बोटाएवढे जाड, मांसल खोड तपकिरी खवल्यांनी लवदार दिसते आणि झाडाला वेढा घालत जाते. त्यावर दोन प्रकारची पाने येतात. एक लांब देठाची, खोल कातरलेली हिरवी पाने. त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके असतात आणि अन्न तयार करण्याचे काम ती करतात. दुसरी बिनदेठाची, वीतभर ते हातभर, बुंध्याला चिकटून उभी राहणारी. ती थोड्याच काळात हिरवेपणा सोडून तपकिरी, कागदासारखी कडक होतात आणि मेल्यानंतरही वर्षानुवर्षे जागेवर राहतात. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग उभे असावे तशी ती दिसतात. नाव त्यावरूनच आले असावे. या मेलेल्या पानांचे काम जिवंत पानांपेक्षा कमी मोलाचे नाही. वरून गळणारा पाला, साल, किड्यांची विष्ठा, धूळ त्यांच्यामागे अडकते, कुजते आणि त्याची माती होते. नेच्याची मुळे त्या मातीत शिरतात. जिथे जमीन नाही तिथे या रोपाने आपल्यापुरती जमीन तयार केलेली असते, आणि तीच कागदी पाने खोडावर ऊनही पडू देत नाहीत.

पाऊस सरला, थंडी गेली की हिरव्या पानांचे कातरलेले भाग सांध्यांतून गळून पडतात आणि मधल्या शिरा काट्यांसारख्या उभ्या राहतात. मार्चमध्ये बाशिंग पाहणाऱ्याला ते मेलेलेच वाटते. पण खवल्यांखालचे खोड जिवंत आणि पाणीदार असते. हे समजायला मोसंबीच्या बागेइतकी चांगली जागा नाही. आंबिया बहार धरण्यासाठी बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. पाने पिवळी पडतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते. मग पाणी दिले की फूट आणि फूल एकदम येते. ताण म्हणजे मरण नव्हे, योग्य वेळी थांबणे, हे पाचोडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की मोसंबीला ताण माणूस देतो आणि त्याच्या हाती पाणी पुन्हा सोडण्याची चावी असते. बाशिंग आपला ताण आपणच घेते आणि जून येईल या भरवशावर कित्येक महिने बसते. त्याच्या मुळांपाशी साठलेला पाला हे बागेतल्या आच्छादनाचेच काम करतो.

एकट्या बाशिंगावरून सगळ्या सह्याद्रीबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे झाले असते, पण इतर रहिवासीही हीच साक्ष देतात. मायक्रोसोरम मेम्ब्रेनेशियम हा रुंद, अखंड, पातळ पानांचा नेचा महाबळेश्वरच्या अंजनी-जांभळांच्या बुंध्यांवर पावसात दाटीने दिसतो. पाऊस संपला की पाने विरून जातात आणि मागे खोड उरते. लेपिसोरस न्यूडस हा अरुंद पानांचा नेचाही पावसाचेच वेळापत्रक पाळतो. नेच्यांशी काही नाते नसलेल्या आमरींनीसुद्धा तोच मार्ग धरला आहे. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाणी साठवणाऱ्या दांड्यांत उन्हाळा काढते, पाने टाकून देते आणि उघड्या दांड्यांवर फुलते. इतक्या दूरच्या कुळांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर द्यावे, यावरून प्रश्न किती कडक आहे ते कळते. याउलट ज्यांची पाने एकाच पेशीच्या जाडीची असतात, ज्यांना पर्णरंध्रे नसतात, ते पारदर्शक पटलनेचे महाराष्ट्रात ओढ्याकाठच्या गडद सावलीतल्या मोजक्या खडकांवर आणि बुंध्यांवर अडून राहिलेले दिसतात. आंबोलीला पाऊस कितीही पडो, त्यांना उघड्या फांदीवर जागा नाही.

जगात याला आणखीही उत्तरे मिळालेली आहेत. अमेरिकेतला पॉलिपोडियम कुळातला पुनरुज्जीवी नेचा पानातले जवळजवळ सगळे पाणी गमावून वळून बसतो आणि सर आली की काही तासांत उलगडतो. आग्नेय आशियातले पायरोसियाचे काही नेचे निवडुंगाप्रमाणे रात्री रंध्रे उघडून कर्बवायू घेतात आणि दिवसा पाणी वाचवतात. सह्याद्रीत मात्र पाने टाकून खोडात थांबण्याचा मार्ग ठळक आहे. याचे कारण आपल्या हवामानात आहे असे मला वाटते. इथला कोरडा काळ अधूनमधून येणारा नसतो. तो एकदा आला की सलग असतो, आणि कधी संपणार हेही बरेचसे ठरलेले असते. लहरी कोरडेपणाला तासाभरात जागे होणारे पान उपयोगी. ठरलेल्या कोरडेपणाला पान टाकून देणेच परवडते.

आता पश्चिम घाटाचा नकाशा दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहू. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधले झां-पिएर पास्काल यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात इथल्या सदाहरित वनांची मांडणी करताना कोरड्या महिन्यांची संख्या हा मुख्य निकष धरला. मोसमी पाऊस दक्षिणेत लवकर येतो, उशिरा जातो. वर मोसमीपूर्व सरी आणि ईशान्य मोसमी पाऊस यांची भर. म्हणून केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन, आणि महाराष्ट्रात येईपर्यंत सात-आठ होतात. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. आंबोली आणि महाबळेश्वर ही देशातली भरपूर पावसाची ठिकाणे. तरी बेडोमच्या १८६३-६४ च्या दक्षिण भारतीय नेच्यांवरील चित्रग्रंथापासून मणिकम आणि इरुदयराज यांच्या १९९२ च्या ग्रंथापर्यंत दक्षिणेची जी नेचेसंपदा दिसते, तिच्या शेजारी ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांचे १९२२ चे मुंबई इलाख्यातील नेच्यांवरचे पुस्तक ठेवले, तर उत्तरेकडची, विशेषतः झाडावरच्या नेच्यांची, यादी आखूड आहे हे लगेच लक्षात येते. पाऊस भरपूर आणि नेचे कमी ही विसंगती कोरडे महिने मोजल्यावर उरत नाही.

यावर पहिला आक्षेप मेघालयाचा. चेरापुंजीलाही हिवाळा कोरडा असतो, तरी खासी टेकड्यांत झाडे नेच्यांनी आणि आमरींनी लगडलेली आहेत. मग कोरड्या महिन्यांचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याने माझे म्हणणे मोडत नाही, पण दुरुस्त जरूर होते. तिथला कोरडा काळ थंडीत येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी सुरू होतात. आपला कोरडा काळ थंडी ओलांडून थेट एप्रिल-मेच्या उन्हात शिरतो. कोरड्या हवेची तहान तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. चाळीस अंशांची कोरडी हवा पंधरा अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा पानातून कितीतरी पटीने जास्त पाणी ओढते. तेव्हा नुसते कोरडे महिने मोजून भागणार नाही, कोरडे आणि तापलेले महिने मोजले पाहिजेत. शेतकरी हिवाळी आणि उन्हाळी पाणीपाळीत फरक करतो, तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप उंचीचा. क्लुगे, केसलर आणि डन यांनी २००६ मध्ये कोस्टा रिकात दाखवले, की नेच्यांची विविधता पायथ्याला किंवा शिखरावर नव्हे, तर मधल्या, सुमारे १७०० मीटरच्या ढगाळ पट्ट्यात सर्वाधिक असते. आपला सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर, महाबळेश्वर १४०० च्या आसपास. मग सह्याद्री फक्त बुटका आहे म्हणून नेचे कमी, असे का म्हणू नये? काही अंशी म्हणावेच लागेल. अनामलाई आणि निलगिरी आपल्यापेक्षा पुष्कळ उंच आहेत. पण उंची नेच्याला देते काय? ढग आणि गारवा. पाऊस नसतानाही सालीवर दव आणि धुके. आपल्याकडे घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवसेंदिवस ढग उतरलेला असतो, पण नेच्याला त्याची गरज असते तेव्हा, एप्रिलमध्ये, तो नसतो. उंचीचा आक्षेप शेवटी त्याच उत्तराशी येतो. बीजाणू दक्षिणेकडून पोहोचलेच नसतील, हा इतिहासाचा मुद्दा मला त्याहून दुबळा वाटतो. धुळीइतके हलके बीजाणू वाऱ्याने शेकडो किलोमीटर जातात. बीजाणू पोहोचतात, रोप तग धरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. नेच्याचे आयुष्य बाशिंगाच्या जाड खोडापासून सुरू होत नाही. बीजाणू रुजल्यावर आधी नखाएवढे, हिरवे, खोड नसलेले रूप तयार होते. त्यावर नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात आणि मगच खरा नेचा जन्माला येतो. या अवस्थेत साठा नाही, कागदी पाने नाहीत, पालापाचोळा नाही. म्हणजे जन्मासाठी ओल्या दिवसांची सलग रांगच हवी. मग पावसाळाच निर्णायक नाही का? मला वाटते इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. कोण जन्माला येणार हे ओल्या दिवसांची सलगता ठरवते. कोण पुढच्या जूनपर्यंत पोहोचणार हे कोरडे महिने ठरवतात. दोन्हींत एकूण मिलिमीटरचा वाटा दुय्यम आहे. एका दिवसात तीनशे मिलिमीटर पडलेला पाऊस त्या नखाएवढ्या हिरव्या चकतीला धुऊन नेईल. रोज थोडी रिमझिम तिला वाढवील.

बदलत्या पावसाची बातमी या फरकामुळेच महत्त्वाची ठरते. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ च्या नोंदींवरून मांडले, की मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस घटत गेला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ दोन सरींमधला लांबलेला खंड म्हणून माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या कित्येक मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावरही वाचल्या नाहीत, त्या लांबलेल्या खंडांनी आणि आटलेल्या विहिरींनी मेल्या. फांदीवरच्या नेच्याला विहीरही नाही. कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्देमध्ये नाडकर्णी आणि सोलानो यांनी अपिवनस्पती त्यांच्या फांदीवरच्या मातीसकट उचलून ढग कमी उतरतात अशा खालच्या झाडांवर बांधल्या. त्यांची पाने लवकर मेली, नवी कमी आली, आयुष्य घटले. जमीन सोबत नेऊनही हवेतली ओल कमी पडली, हा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा धडा आपल्याला फार जवळचा आहे.

कोणी म्हणेल, झाडे लावू, म्हणजे नेचे येतील. येतील, पण कधी? बाशिंगाची तिजोरी खडबडीत सालीवर, जाड फांदीच्या बेचक्यात आणि वर्षानुवर्षे पडत राहिलेल्या पाल्यात उभी राहते. दहा वर्षांच्या गुळगुळीत रोपवनात यातले काही नसते. देवराया इथे मोलाच्या ठरतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला तेव्हापासून देवराईची थोरवी मोठ्या वृक्षांच्या नावे सांगितली जाते. त्या वृक्षांच्या खांद्यावर काय आहे, त्याकडे फार कमी पाहिले गेले. बोर्निओतल्या डानम खोऱ्यात एल्वुड आणि फॉस्टर यांनी २००४ मध्ये दाखवले, की तिथल्या एका मोठ्या घरटेनेच्यात राहणारे किडे-कोळी वजनाने त्या झाडाच्या उरलेल्या सगळ्या पर्णसंभारातल्या जिवांच्या तोडीचे असू शकतात. बाशिंग तेवढे मोठे नसते, पण तत्त्व तेच: फांदीवरची माती म्हणजे फांदीवरची वस्ती. सांधेदुखीवर आणि सुपासाठी बाशिंगाचे खोड काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तमिळनाडूत कोल्ली टेकड्यांच्या वाटेवर ते ढिगाने विकले जाते, आणि खोड काढले की कित्येक वर्षांची साठवलेली मातीही त्याबरोबर खाली येते.

आपल्या नोंदींत यातली एक गोष्ट जवळजवळ नसते, ती म्हणजे तारीख. कोणती जाती कुठे सापडली हे वनस्पतिसंग्रहांत आहे. बाशिंगाचे पहिले हिरवे पान जूनच्या कितव्या दिवशी आले, शेवटचे केव्हा गळले, दोन सरींमध्ये किती दिवसांचा खंड पडल्यावर कोवळी पाने करपली, हे नाही. अशा नोंदीला प्रयोगशाळा लागत नाही. ताण कधी दिला, पाणी कधी सोडले, फूट कधी आली हे वहीत लिहिण्याची सवय पाचोडच्या परिसरातल्या बागायतदारांना आहे. तीच वही घाटमाथ्यावरच्या एका फणसाला आणि त्याच्या बाशिंगाला वीस वर्षे मिळाली, तर वरच्या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर शोधायला आधार मिळेल. अशी वही इथेही ठेवता येईल, कारण मराठवाड्यातही नेचे अगदीच नाहीत असे नाही. जुन्या दगडी विहिरीच्या आत, पाण्याच्या वर हातभर, सांध्यांतून हंसराज झिरपणाऱ्या ओलीवर लोंबतो. उघड्या भिंतीच्या फटीत मयूरशिखा उन्हाळाभर आपली पंख्यासारखी पाने मिटून वाळलेली उभी असते आणि मृगाच्या सरीनंतर तीच पाने पुन्हा उलगडते.